हेल्थकेअर डॉट गव्ह की भागीदार साइट: अर्ज कुठून भरावा?

अमेरिकेत टेक्सास, फ्लोरिडा अशा ज्या राज्यांनी स्वतःचं मार्केटप्लेस (आरोग्यविम्याच्या योजना घेण्याचा सरकारी बाजार) उभं केलेलं नाही, तिथे आरोग्यविम्याचा अर्ज ऑनलाइन भरायला दोन दारं आहेत. एक सरकारी हेल्थकेअर डॉट गव्ह, दुसरं सरकारने मान्यता दिलेल्या खासगी भागीदार साइट. अर्ज सुरुवातीपासून शेवटपर्यंत भागीदार साइटवरच पूर्ण करण्याची सोय २०१९च्या योजनांपासून आली. त्याआधी अर्ध्या वाटेवर सरकारी साइटवर पाठवून परत आणत. तीच योजना कुठूनही घेतली तरी हप्ता आणि सवलत सारखीच. त्यामुळे इथे प्रश्न फक्त सोयीचा आहे.

फोनवरून भरायचं, घरात सगळे नागरिक आणि उत्पन्न एकाच पगाराचं, अशी स्थिती असेल तर चांगली भागीदार साइट माझ्या मते जास्त सुटसुटीत. प्रश्न थोडक्यात विचारतात, योजनांची यादी लवकर डोळ्यांपुढे येते. डॅलस-ह्यूस्टनमधल्या बऱ्याच मराठी घरांचं गणित मात्र इतकं सरळ नसतं. सगळ्या भागीदार साइटना सगळ्या प्रकारचे अर्ज घ्यायची परवानगी नसते. अर्जदार नागरिक नाही, किंवा सोशल सिक्युरिटी कार्डावरचं नाव वेगळं आहे, असं असलं की काही साइट सुरुवातीचे प्रश्न झाल्यावर थांबवतात आणि सरकारी साइटकडे बोट दाखवतात.

नावाचा मुद्दा आपल्याकडे हमखास निघतो. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाला जोडून आलेलं, सोशल सिक्युरिटी कार्डावर ते मधलं नाव म्हणून आलेलं, आणि लग्नानंतरचं आडनाव एकाच कागदावर बदललेलं. अर्जात नाव सोशल सिक्युरिटी कार्डाप्रमाणे अक्षर न् अक्षर लिहावं. सरकारी अर्जात ‘कागदपत्रावरचं नाव हेच आहे का’ असा वेगळा प्रश्न येतो. इमिग्रेशनच्या कागदावरचं नाव तिथे द्यायचं. आय-९४चा, म्हणजे देशात आल्याच्या सरकारी नोंदीचा, क्रमांक ११ अक्षरांचा असतो आणि नव्या क्रमांकांत दहाव्या जागी इंग्रजी अक्षर येतं. तो नेहमी सर्वांत अलीकडच्या आय-९४वरूनच घ्यावा. इथे चूक झाली की नोंदी जुळत नाहीत आणि कागदपत्रं मागणारी नोटीस येते. मग ठरावीक मुदतीत कागद अपलोड करावे लागतात. फाइल १० एमबीच्या आत हवी आणि तिच्या नावात कोलन, अर्धविराम, तारांकन यांसारखी चिन्हं नकोत. पीडीएफ बरोबर असूनही अपलोड होत नसेल तर आधी फाइलचं नाव साधं करून पाहावं.

सरकारी साइटची अवघड पायरी म्हणजे ओळख पडताळणी. प्रश्न क्रेडिटच्या इतिहासावरून येतात: जुना पत्ता, गाडीचं कर्ज वगैरे. नुकतंच देशात आलेल्याचा असा इतिहासच नसतो, त्यामुळे त्याची पडताळणी फसणं स्वाभाविक आहे. अशा वेळी पडद्यावर येणारा संदर्भ क्रमांक लिहून ठेवावा, पडताळणीच्या मदत क्रमांकावर फोन करावा किंवा ओळखपत्र अपलोड करावं. यात काही दिवस जाऊ शकतात. नोकरी सुटून विमा गेला असेल तर विशेष नोंदणीला, म्हणजे नेहमीच्या हंगामाबाहेर विमा घ्यायला, ६० दिवसच मिळतात, म्हणून खातं पहिल्याच आठवड्यात उघडलेलं बरं.

इतकं असूनही माझं पारडं सरकारी साइटकडे झुकतं, आणि त्याचं कारण एकच चौकट: मोबाइल क्रमांकाची. हेल्थकेअर डॉट गव्हवर झिप कोड, वयं आणि अंदाजे उत्पन्न दिलं की खातं न उघडताच योजना आणि किमती दिसतात. (१ ऑक्टोबर २०१३ला ही साइट सुरू झाली तेव्हा आधी खातं काढणं सक्तीचं होतं, आणि तिथेच गर्दी अडकली होती.) काही खासगी साइटवर किंमत बघण्याआधीच क्रमांक मागतात, आणि खाली बारीक अक्षरांत फोन-मेसेज करायला संमती घेतलेली असते. संमती दिली की नोंदणीच्या हंगामात फोन थांबत नाहीत. ज्या घरात वयस्कर आई-बाबाच फोन उचलतात, तिथे हे फारच जाचक होतं.

त्याच चौकटीतून दुसरीही गोष्ट होते: एजंटचं नाव अर्जाला जोडलं जातं. एजंट चांगला असेल तर ती मोठी मदत ठरते. पण ग्राहकाला न विचारता योजना बदलल्याच्या तक्रारी २०२४ मध्ये इतक्या वाढल्या, की जुलैपासून अर्जाशी आधी जोडलेला नसलेल्या एजंटला बदल करायचा असेल तर ग्राहकासह कॉल सेंटरला फोन लावणं बंधनकारक झालं. आपल्या अर्जावर कोणाचं नाव आहे हे १-८००-३१८-२५९६ या क्रमांकावर विचारून घ्यावं. याच क्रमांकावर दुभाष्याची मोफत सोय आहे. हवी ती भाषा सुरुवातीलाच सांगावी. सरकारी साइट मात्र फक्त इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये आहे. ऐकू न येणाऱ्यांसाठी टीटीवाय क्रमांक १-८५५-८८९-४३२५.

विमा कंपनीच्या स्वतःच्या साइटवर फक्त तिच्याच योजना दिसतात, त्यामुळे तुलनेसाठी ती उपयोगाची नाही. सरकारी यादीत डॉक्टर आणि औषधं आधी भरून, ‘वर्षाचा अंदाजे एकूण खर्च’ या क्रमाने योजना लावाव्यात. डॉक्टरांची माहिती विमा कंपन्यांकडून येते आणि ती शिळी असू शकते. दवाखान्यात फोन करून योजनेचं पूर्ण नाव सांगून खात्री करावी, नुसतं कंपनीचं नाव पुरत नाही.

भागीदार साइटवर अर्ज आधीच भरला असेल तर दुसरा भरू नका, दोन अर्जांचा गोंधळ निस्तरणं कठीण जातं. अर्ज क्रमांक घेऊन हेल्थकेअर डॉट गव्हवर खातं उघडा आणि ‘अर्ज शोधा’ या पर्यायातून तोच अर्ज आपल्या खात्यात आणा.