दुबई की बँकॉक?

तासगावच्या मावसभावाला द्राक्षाची खरड छाटणी उरकून मे महिन्यात सहकुटुंब परदेशी जायचंय. दुबई की बँकॉक, ठरेना. विमान दुबईला तीन-साडेतीन तास, बँकॉकला चार-साडेचार. तो फरक किरकोळ. खरा हिशेब उतरल्यावर. बँकॉकला साधं हॉटेल, हातगाडीवरचं जेवण स्वस्तात भागतं. माळकऱ्यानं मात्र त्यात फिश सॉस, म्हणजे माशाचा सॉस, नाही ना, हे विचारूनच घास घ्यावा. दुबईचा दिरहॅम १९९७ पासून डॉलरला बांधलेला, म्हणजे डॉलर चढला की आपली सहलही महाग. शिवाय मेमध्ये तिथं पारा चाळिशीजवळ. सांगलीचं ऊन काय वाईट होतं? बँकॉकलाही तेव्हा घाम निघतो, पण पावसाच्या सरी सुरू होतात.

मेमध्येच, बेतात जायचं तर बँकॉक. म्हातारी माणसं, कडक शाकाहार असेल, तर डिसेंबर-जानेवारीपर्यंत थांबून दुबई.