पानगळ टिपायला कोणता जुना कॅमेरा: क्लिक थ्री, याशिका की पेंटॅक्स?

कॅमेऱ्याच्या आधी महिना ठरवा. ‘ऑटम’ म्हणजे शरद असं धरून अश्विन-कार्तिकात रोल भरून बागेत गेलात, तर सगळं हिरवंगार भेटेल. मराठवाड्यातली पानगळ शिशिरातली, जानेवारीअखेरीपासून मार्चपर्यंतची. देशी बदामाची पानं लालबुंद होतात, कडुनिंब पिवळा पडून झडतो, पिंपळ उघडा होतो न होतो तोच तांबूस पालवी धरतो. काटेसावर तर पानं टाकूनच फुलते. छत्रपती संभाजीनगरात हे सगळं बघायला लांब जावं लागत नाही: सिद्धार्थ उद्यान, हिमायत बाग, बीबी का मकबऱ्याची चारबाग.

आता कॅमेरा. मी तीन वापरलेत.

पहिला आग्फा क्लिक थ्री. हा अनेकांच्या घरात माळ्यावर असतो, मग खर्च शून्य. १२० चा (म्हणजे रुंद फिल्मचा) रोल, चौकोनी १२ फोटो. फोकस करायची सोय नाही आणि शटरची गती एकच, तीही संथ. त्यामुळे आयएसओ (उजेड टिपण्याची तीव्रता) १०० च्या पुढची फिल्म घालू नका. आपल्या उन्हात ४०० ची फिल्म पार करपते. आठ-दहा फुटांच्या अलीकडचं काही घेऊ नका. मागच्या लाल खिडकीतून आकडा बघून रोल पुढे सरकवायचा असतो. जुनी फिल्म लाल उजेडाला दाद देत नसे, आजची देते. मी ती खिडकी उघडी ठेवून दुपारभर मकबऱ्यात हिंडलो आणि बारापैकी सात फोटोंवर पांढुरका डाग घेऊन आलो. आता काळी चिकटपट्टी लावतो आणि आकडा बघायचा तेव्हा सावलीत जाऊन उचकटतो. फोटो मधे बरे, कडांना विरघळलेले येतात. झडलेल्या कडुनिंबांच्या रांगेला ते शोभतं, एरवी मजा म्हणून ठीक.

खरी निवड पुढच्या दोघांत आहे.

याशिका मॅट १२४ जी हा दोन भिंगांचा डबा. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो. रोल १२० चाच, पण भिंग ८० मिमीचं, गती एक सेकंदापासून १/५०० पर्यंत. निगेटिव्ह नेहमीच्या ३५ मिमी फिल्मच्या साडेतीनपट मोठी, त्यामुळे वाळक्या फांद्यांचं जाळं मोठ्या प्रिंटमध्येही तुटत नाही. पण मला तो बागेत आवडतो तो वेगळ्याच कारणासाठी. पोटाशी धरून, मान खाली घालून काचेत बघावं लागतं. बाकावरच्या आजोबांना वाटतं, हा बुवा डब्यात काहीतरी शोधतोय. डोळ्याला कॅमेरा लावला की लोक सावरून बसतात किंवा उठून जातात, इथे कुणी हलत नाही. काचेत डावं-उजवं मात्र उलटं दिसतं. झाडूवाल्या मावशी डावीकडून आल्या तर काचेत उजवीकडून येतात, आणि तुम्ही कॅमेरा भलतीकडे फिरवता. पहिला रोल यातच जातो.

याची दुखणी: साधारण एक मीटरच्या आत फोकस होत नाही. आतलं उजेड मोजायचं मीटर पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलसाठी बनवलेलं, तो सेल आता मिळत नाही आणि १.५ व्होल्टचा घातला की मीटर चुकतं. सरळ मोबाइलमधलं लाइट मीटर वापरा.

पेंटॅक्स के-१००० हा १९७६ ते १९९७ बनत होता आणि सगळा यांत्रिक आहे. सेल फक्त मीटरपुरता, संपला तरी खटका वाजतो. रोल ३५ मिमीचा, त्यात ३६ फोटो. पन्नास मिमी भिंगाने ४५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं, म्हणजे फरशीवर पडलेलं बदामाचं एकच पान, त्याच्या लाल शिरा आणि किड्याने पाडलेली भोकं. हे बाकीच्या दोघांना जमत नाही. मीटरला बंद-चालूचं बटण नाही. भिंगावर झाकण लावलं नाही तर सेल हकनाक झिजतो. आणि निष्पर्ण फांद्यांमागचं पांढरं आभाळ किंवा मकबऱ्याचा घुमट मीटरला फसवतो, फोटो काळपट येतो. अशा वेळी त्याच उन्हात आपला तळहात धरून मीटर बघा आणि एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, वाढवा.

खर्चाचं म्हणाल तर रोल धुवायला दोघांचेही मी कुरिअरने पुण्याला पाठवतो. पण एका रोलमागे याशिकात १२ फोटो, पेंटॅक्समध्ये ३६. शिकताना चुका होणारच, त्या ३६ मध्ये झालेल्या परवडतात. कृष्णधवल मात्र घरी धुवा. डेव्हलपर (फिल्म धुवायचं रसायन) २० अंशांना लागतो आणि फेब्रुवारीअखेर टाकीतलं पाणी कोमटच असतं. मी रात्रीच माठातलं पाणी काढून ठेवतो, वेळ पडली तर त्यात बर्फाचा खडा.

माझा कौल: पहिलाच कॅमेरा घेत असाल तर पेंटॅक्स. पानं, साली, शेंगा असं जवळचं ज्याला खुणावतं त्यानेही तोच घ्यावा. ज्याला बाग आणि बागेतली माणसं हवीत, आणि सकाळभरात बाराच फोटो काढायचा धीर आहे, त्याने याशिका. मुंबईहून मागवत असाल तर भिंगातून टॉर्च मारून बुरशी बघा. तिकडच्या दमट हवेत ती हमखास धरते. याशिकाचा खटका एक सेकंदावर ठेवून ऐका, दीड-दोन सेकंद रेंगाळला तर दुरुस्तीचा खर्च किमतीत धरा. पेंटॅक्सचं मागचं दार उघडून कडेच्या फोमला बोट लावा. डांबरासारखा चिकटला तर उजेड आत शिरणार, तो बदलून घ्या.

आणि बागेत सातलाच पोचा. साडेसातला खराटे सुरू होतात, आठपर्यंत सगळी पानं ढिगात.