व्हीआर हेडसेट की एआरवाले टॅब? पहिली ते पाचवीच्या वर्गासाठी काय घ्यावं

आमच्या केंद्रातल्या एका मॅडमचा परवा फोन, "ताई, सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक निधीतून) पैसे मिळतायत, चार हेडसेट घेऊ का सहा टॅब? तुम्ही दोन्ही वापरलंय ना, पटकन सांगा." पटकन सांगायचं तर टॅब. पण एवढ्यावर शाळा व्यवस्थापन समिती ऐकत नाही, त्यांना हेडसेटच भारी वाटतोय (फोटो चांगले येतात हो!), म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी फरक. व्हीआर म्हणजे डोळ्यांवर चष्म्यासारखा डबा चढवायचा, आजूबाजूचा वर्ग गायब, मूल थेट समुद्राखाली किंवा अंतराळात. एआर म्हणजे टॅब किंवा मोबाईलचा कॅमेरा चालू, वर्ग दिसतोच, त्यात बाकावर ज्वालामुखी नाहीतर वाघ उभा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गूगलवर शोधून हॉलमध्ये वाघ आणला होता ना सगळ्यांनी, तेच ते. व्हीआर म्हणजे जत्रेतल्या बायोस्कोपचा नातू म्हणा, डोकं आत घातलं की आपण तिकडे.

आता हेडसेटचं सगळ्यात मोठं लफडं, जे विकायला येणारे सांगत नाहीत, ते वयाचं. मेटाच्या (फेसबुकवाल्या कंपनीच्या) क्वेस्ट हेडसेटसाठी आधी कमीत कमी वय १३ होतं, २०२३ मध्ये ते १० वर आणलं, तेही पालकांच्या देखरेखीखालच्या अकाउंटवर. सोनीच्या प्लेस्टेशन व्हीआरला १२. म्हणजे पहिली ते चौथी सरळ बाहेर, पाचवीतली मुलं जेमतेम बसतात. आणि हे नुसतं कागदावरचं नाही. क्वेस्ट २ मध्ये भिंगांमधलं अंतर ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर एवढ्या तीनच ठिकाणी लावता येतं आणि लहान मुलांच्या दोन बुबुळांमधलं अंतर बहुतेक वेळा ५८ पेक्षाही कमी असतं, मग चित्र धूसर दिसतं, मूल डोळे ताणतं आणि आपण म्हणतो नीट बघ की! वजन ५०३ ग्रॅम, अर्धा किलो साखरेची पुडी कपाळाला बांधून मान हलवून बघा एकदा.

आमच्याकडे एक कंपनी डेमो द्यायला आली होती, त्यांनी पहिल्याच झटक्यात काय दाखवलं तर रोलर कोस्टर. डोळे सांगतात आपण खाली कोसळतोय, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते खुर्चीवर बसलोय, दोघांचं जमेना की मळमळ. दोन पोरांना गरगरलं, एकाने हात झाडला तो बाकावर आपटला, आणि एक चिमुरडी हेडसेटमधून ओरडत होती, "बाई, तुम्ही कुठंय?" मी तिच्या शेजारीच उभी होते.

वेळेचा हिशोब तर बघाच. ३२ मुलं, ४ हेडसेट, म्हणजे ८ बॅच. प्रत्येकाला ५ मिनिटं खेळ धरा, आणि पट्टा आवळणं, पुसणं, गेम पुन्हा पहिल्यापासून लावणं यात ३ मिनिटं सहज जातात, झाली ६४ मिनिटं, एका तासिकेत संपतच नाही. तेवढा वेळ उरलेली २८ मुलं काय करणार ते मी सांगायला नको. ६ टॅबवर पाच-सहा जणांचे गट केले की सगळा वर्ग एकाच वेळी कामाला लागतो.

शिवाय एआरमध्ये मुलं एकमेकांशी बोलतात, भांडतात, दाखवतात. क्विव्हर नावाचं अ‍ॅप आहे, त्याचं चित्र प्रिंट काढून मुलांनी खडूंनी रंगवायचं, मग टॅब धरला की तेच चित्र कागदावरून उठून उभं राहतं, तेही मुलाने दिलेल्या रंगात. दुसरीच्या पोराचा जांभळा ज्वालामुखी पेटला तेव्हा अख्खा वर्ग गोळा झाला, आणि "लाव्हा जांभळा असतो का" यावर जी चर्चा झाली ती मी ठरवूनही घडवली नसती. घन घेऊनही करता येतं, मर्ज क्यूब म्हणतात, हातात ठोकळा फिरवला की पडद्यावर हृदय नाहीतर ग्रह फिरतो.

एआर म्हणजे सगळं गोड असंही नाही. नुसता वाघ दाखवला तर दोन मिनिटांत संपतो, खेळ आपल्यालाच घालावा लागतो, शेपटीपासून नाकापर्यंत किती पावलं ते मोजा, आधी अंदाज लिहा, मग कुठे गणित होतं. झेरॉक्स फिकट निघाली किंवा कागदावर ऊन चमकलं तर अ‍ॅप चित्र ओळखतच नाही. चांगली चित्रं बरीचशी पैसे भरून. मराठी आवाज जवळपास कुठेच नाही, सांगायचं काम बाईंचंच. आणि स्वस्तातले सगळे टॅब एआरला चालत नाहीत, गूगलच्या एआरकोरच्या (अँड्रॉइडवर एआर चालवणाऱ्या यंत्रणेच्या) यादीत मॉडेल आहे का ते बिल फाडायच्या आधी बघा.

मधला स्वस्त मार्ग म्हणून कुणी गूगल कार्डबोर्ड सुचवेल, पुठ्ठ्याचा डबा, आत मोबाईल. त्याच्या नादी लागू नका. गूगलने २०२१ मध्येच विक्री थांबवली, वर्गासाठी असलेलं एक्स्पेडिशन्स अ‍ॅपही त्याच वर्षी बंद केलं. आणि हल्लीचे मोठे मोबाईल त्या डब्यात मावत नाहीत, स्वस्तातल्या कित्येक फोनला जायरोस्कोपच (फोन कुठे वळला ते ओळखणारा सेन्सर) नसतो, मग मान वळवली तरी चित्र जागचं हलत नाही.

बाकी नुसती सहलच घडवायची असेल तर दोन्ही नकोत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला, ते तर साध्या व्हिडिओ कॉलवर मुलांना जगभर फिरवून आणायचे, प्रोजेक्टर आणि बरं नेट एवढंच लागतं.

मॅडमचा शेवटचा प्रश्न, "मग एकही हेडसेट नको?" घ्या, एकच घ्या, पाचवीसाठी. सूर्यमालेचा पाठ झाला की मिशन आयएसएससारखं (अंतराळ स्थानकात फिरवणारं व्हीआर अ‍ॅप) काहीतरी लावा, तिथे आपण किती छोटे ते जाणवतं, हे टॅबवर होत नाही. पण हेडसेटमधलं चित्र प्रोजेक्टरवर कास्ट करा, म्हणजे सगळ्यांना दिसेल, एक मूल आत, बाकी वर्ग बाहेरून ओरडून रस्ता सांगणार, "उजवीकडे, अगं उजवीकडे!" पाच मिनिटांत पोरगं बदला, गरगरतंय म्हणालं की लगेच काढा, आणि बसवूनच खेळवा. पुसता येणारं कव्हर घ्या, उवांचं काय ते तुम्हाला माहीतच आहे. आणि खिडकीच्या उन्हात कधीच ठेवू नका, भिंगातून ऊन आत गेलं की पडदा जळून कायमचा डाग पडतो.