पैसे घेऊन गेले तरी मासे दिले नाहीत

कोल्हापुरातल्या ह्या शोभेच्या माशांच्या दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा दुकानाच्या दादांनी मला मासे दिलेच नाहीत. ओरांडाची, म्हणजे गोल्डफिशच्याच एका जातीची, ५० पिल्लं घ्यायची होती, पैसे रोख, मासे समोर टाकीत फिरतायत, तरी म्हणाले वहिनी ही टाकी अजून सुटलेली नाही, नवा माल वेगळा ठेवून ११ दिवसच झालेत, अडीच आठवडे अजून थांबावं लागंल. कागलवरनं एवढं यायचं आणि रिकाम्या हातानं जायचं, लई राग आला. पण त्यांनी आत शेडमध्ये नेऊन सगळं दाखवलं आणि तिथं मला माझा दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर आठवला.

आमच्या घरामागं सहा सिमेंटच्या टाक्या आहेत, मी आणि मिस्टर गोल्डफिश वाढवून कोल्हापूर इचलकरंजीच्या दुकानांना देतो. त्या डिसेंबरात दुसऱ्या एका होलसेलवाल्याकडनं माल उचलला, नाव घेत नाही. कोलकात्याचा माल, त्याच सकाळी आलेला, ऑक्सिजन पॅकिंग फोडून सरळ आमच्या पिशवीत. आठवड्याभरात थंडी वाढली आणि मासे खाईनात, काही तळाला बसले, काही हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या एअर स्टोनजवळ गोळा होऊन राहिले. अंगावर ना जखम ना ठिपका, पण कल्ला उचलून बघितला तर पांढराफट. मीठ टाकलं, मिथिलीन ब्लूचं निळं औषध टाकलं, कोणीतरी सांगितलं म्हणून अँटिबायोटिक पण टाकलं. पाच दिवसांत ३०० च्या वर मासे गेले, त्यात आमच्या स्वतःच्या ब्रीडर जोड्या पण गेल्या ज्या नव्या मालाच्या टाकीत नव्हत्याच, कारण जाळी सगळ्या टाक्यांना एकच वापरायचो. मिस्टर खड्डा काढून चुना टाकून पुरत होते आणि मी बघत उभी होते, ते अजून डोळ्यासमोरनं जात नाही.

दादांनी लक्षणं ऐकली आणि म्हणाले गोल्डफिशच्या हर्पीस व्हायरससारखं वाटतंय. सीवायएचव्ही २ म्हणतात, जपानमध्ये १९९२ मध्ये पहिल्यांदा लक्षात आला, आपल्या देशात पण सापडलाय. किडनी आणि प्लीहा, म्हणजे रक्त तयार होणारी जागाच खराब करतो, म्हणून कल्ले पांढरे पडतात आणि बाहेरनं काही दिसत नाही. ह्याला औषध नाही. अँटिबायोटिक व्हायरसवर चालतच नाही, मी उगाच पैसे घातले.

सगळ्यात महत्त्वाचं त्यांनी सांगितलं ते पाण्याच्या गरमाईचं. हा रोग साधारण १५ ते २५ डिग्रीच्या पाण्यात उठतो. आपल्याकडं एप्रिल मेमध्ये टाकीचं पाणी ह्याच्या वर जातं, तेव्हा व्हायरस अंगात असलेला मासा पण ठणठणीत दिसतो, खातो, रंग देतो, आणि दिवाळीनंतर पाणी गार झालं की एकदम सगळे जातात. म्हणून उन्हाळ्यात नुसती वेगळी टाकी करून मासे ठेवले तर त्याला क्वारंटाईन, म्हणजे रोग तपासायला वेगळं ठेवणं, म्हणायचं नाही. त्यांच्या आतल्या शेडला वरनं जाड पत्रा आणि ओलं पोतं, प्रत्येक टाकीत थर्मामीटर, पाणी २४ च्या आसपास ठेवतात आणि पूर्ण चार आठवडे. वर प्रत्येक टाकीत स्वतःच्या फार्मवरचे दोन तीन साधे गोल्डफिश सोडतात. नवीन माशात काही असलं तर घरचा मासा आधी आजारी पडतो आणि अख्खी टाकी थांबवली जाते. आजारातनं वाचलेला मासा पण विकत नाहीत, कारण तो बरा दिसला तरी व्हायरस अंगात घेऊन फिरतो.

प्रत्येक टाकीला वेगळी जाळी, वेगळा पाईप, वेगळी बादली, नंबर टाकून. दारात ब्लिचिंगच्या पाण्याचा ट्रे, पाय बुडवूनच आत. जाळ्या ब्लिचिंगमध्ये, मग धुऊन क्लोरीन घालवणाऱ्या अँटीक्लोरीनमध्ये, मग कडक उन्हात. पिशवीतलं पाणी टाकीत ओतत नाहीत, आम्ही वर्षानुवर्षं ओतत होतो.

कोई, म्हणजे रंगीत शोभेचे कार्प मासे, घेणाऱ्यांनी तर इथंच जावं. कोईचा हर्पीस वेगळा असतो, १९९८ मध्ये इस्राएलमध्ये मोठी साथ आली तेव्हा तो जगाला कळला, आणि तो साध्या सायप्रिनसला, म्हणजे खायच्या कॉमन कार्प माशाला, पण होतो. ज्यांच्या शेततळ्यात सायप्रिनस आहे त्यांनी हौस म्हणून दोन कोई त्यात सोडू नयेत, आणि नको झालेले मासे रंकाळा तलावात तर अजिबात सोडू नयेत. गोल्डफिश ह्या कोईच्या हर्पीसनं मरत नाही पण व्हायरस आणू शकतो, म्हणून दादा कोई आणि गोल्डफिश कधी एका टाकीत ठेवत नाहीत.

आता कमी काय ते पण सांगते. जोडीमागं ३० ते ४० रुपये जास्त पडतात. व्हरायटी कमी आहे कारण निम्म्या टाक्या कायम बंद असतात. फोन दुपारी उचलत नाहीत. दुकान राजारामपुरीत आत गल्लीत आहे, गाडी लावायला जागा नाही. बिलावर टाकी नंबर आणि माल आल्याची तारीख लिहून देतात, हे मात्र मी दुसरीकडं कुठंच बघितलं नाही.

मी अडीच आठवड्यांनी परत गेले, ५० पिल्लं आणली, घरी आणून परत महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवली कारण दादांनीच बजावलं होतं की आमच्यावर पण विश्वास ठेवू नका. ह्या जानेवारीत चांगली थंडी पडली, ५० तली दोन गेली, ती पण मांजरानं नेली. मासे मरायला लागले तर काय करायचं ते पण त्यांनी शिकवलं, कुजलेला मासा काही कामाचा नाही, आजारी पण जिवंत असतानाच मत्स्य विभागाला कळवायचं म्हणजे पीसीआर टेस्ट होऊ शकते. सरकारचं रिपोर्ट फिश डिसीज नावाचं ॲप पण आहे, माझ्या मोबाईलवर त्यांनीच टाकून दिलं.

जायचं असेल तर सकाळी फोन करून कुठली टाकी कधी सुटणार ते विचारून जा. मी पुढच्या महिन्यात रँचू जातीचे गोल्डफिश आणणार आहे, सात नंबरची टाकी.