भिंगाचं गणित: आधी सूत्र की आधी आकृती?

बहिर्वक्र (मध्ये फुगीर) भिंग, नाभीय अंतर (भिंगापासून नाभीपर्यंतचं, म्हणजे समांतर किरण जिथे एकवटतात त्या बिंदूपर्यंतचं) १० सेंमी, वस्तू १५ सेंमीवर; प्रतिमा कुठे? सूत्राने (१/प्रतिमेचं अंतर − १/वस्तूचं अंतर = १/नाभीय अंतर; वस्तूचं अंतर उणे) उत्तर दोन ओळींत: १/१० − १/१५ = १/३०. प्रतिमा ३० सेंमीवर, उलटी, दुप्पट मोठी. किरणाकृतीला पट्टी, टोकदार पेन्सिल आणि धीर लागतो. रेघ जराशी हलली की ३०चे २८ होतात.

तरी मी आधी कच्ची आकृतीच काढतो. सूत्राची खोड चिन्हांत आहे. वस्तूचं अंतर उणे घ्यायला विसरलात, तर उत्तर ६ सेंमी येतं आणि गणित बिनतक्रार पुढे सरकतं. आकृती तिथेच अडवते: वस्तू नाभीच्या बाहेर असताना प्रतिमा नाभीच्या आत येईलच कशी?

अंतर्वक्र (मध्ये पातळ) भिंगाला एवढा खटाटोप नको. समोरच्या वस्तूची प्रतिमा नेहमी आभासी (पडद्यावर न पडणारी), सुलट, लहान. तिथे थेट सूत्र. नाभीय अंतरही तेवढं उणे घ्या.