टिळकवाडीतला गणिताचा क्लास, पीयूसीच्या पोरासाठी लावलेला

पोरगा दहावीपर्यंत मराठी मीडियमला, पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्सला गेला आणि सगळंच एकदम इंग्लिशमध्ये झालं, त्यात सिक्वेन्स-सिरीजचा (संख्यांच्या रांगा नि त्यांच्या बेरजा) धडा आला नि गाडी अडकली बघा. हिशोब येतो त्याला, दहावीत श्रेढी करून आलाय, पण 'जनरल टर्म (म्हणजे एनवं पद काढायचं सूत्र) दिलाय, पहिली पाच पदं लिहा' म्हटलं की नुसता वहीकडं बघत बसायचा. शेवटी शेजारच्या वैनींनी सांगितलेल्या क्लासला घातला, बेळगावात टिळकवाडीत आहे, रेल्वे गेटपास्नं चालत जाण्यासारखा. नाव टाकत नाही, सरांना जाहिरात आवडत नाही.

सर बोलतात मराठीत आणि फळ्यावर लिहितात इंग्लिशमध्ये, हेच खरं कामाचं. एन म्हणजे पदाचा रांगेतला नंबर, बाकी काय नाही, त्या जागी १ घाला, २ घाला, ३ घाला, पण कंसात घाला. ह्या कंसातच आमचं येडं मार खात होतं, −१ चा एनवा घात दिसला की सगळीकडं वजा लिहून मोकळं. आता −१ चा एनवा घात गुणिले एन भागिले (एन अधिक १) दिलं की −१/२, २/३, −३/४, ४/५ बरोबर लिहितोय. विसावं पद पाहिजे तर सरळ २० घालतो, आधीची एकोणीस काढत बसत नाही. (फिबोनाचीसारखं मागच्या दोन पदांवरून पुढचं दिलेलं असलं की मात्र अजून कुरकुर चालूच.)

एकदा मी बाहेर बाकड्यावर बसून ऐकत होतो. सरांनी एनचा वर्ग वजा एन अधिक ४१ घेतलं. १ ला ४१, २ ला ४३, मग ४७, ५३, ६१, सगळ्या मूळ संख्या, पोरं म्हणाली कायम मूळच येणार सर. सर म्हणाले, ४१ घालून बघा की! १६८१ आलं, म्हणजे ४१ गुणिले ४१. चाळिसाव्या पदापर्यंत मूळ आणि एकेचाळिसाव्याला फसलं, ऑयलर नावाच्या गणितज्ञानं १७७२ साली दाखवलेली गंमत म्हणे ही. मी घरी येऊन कॅल्क्युलेटरवर परत करून बघितलं.

तक्रारी पण आहेत. खोली एवढीशी, पंखा एकच, झेरॉक्सचे पैसे वेगळे आणि गुणोत्तर श्रेढी (दर पदाला त्याच संख्येनं गुणत जायचं ती) शेवटच्या दोन दिवसांत नुसती पळवली, ती आता आम्ही घरी परत करतोय. गाडी लावायला जागा नाही. आणि जायचं तर जूनमध्येच जावा, उशिरा आलेली पोरं जिन्यात बसतात.