रक्ताचा दुष्काळ पडलेले जग : ‘डेब्रेकर्स’

पहाट होत आलेली आहे. एक लहान मुलगी पत्र लिहून ठेवते, घराबाहेर येऊन बसते आणि सूर्य उगवण्याची वाट पाहते. ती व्हॅम्पायर, म्हणजे रक्त पिऊन अमर राहणारी आणि उन्हात जळून जाणारी पिशाच्च, झालेली आहे; आपले वय आता कधीच वाढणार नाही, हे तिला सहन होत नाही. व्हॅम्पायरच्या अमरत्वाचे आकर्षण दाखवणारे चित्रपट पुष्कळ आहेत, परंतु त्या अमरत्वाचा कंटाळा इतक्या थोड्या वेळात मनावर ठसवणारी सुरुवात मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मायकल आणि पीटर स्पीरिग या बंधूंनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००९ साली टोरांटोच्या महोत्सवात प्रथम दाखवला गेला आणि २०१० मध्ये चित्रपटगृहांत आला. कथा घडते ती २०१९ च्या जगात. एका साथीमुळे जवळजवळ सगळी माणसे व्हॅम्पायर झाली आहेत आणि उरलेल्या मोजक्या माणसांना पकडून, रांगेने टांगून त्यांचे रक्त काढले जाते. मात्र माणसे संपत चालली आहेत, त्यामुळे रक्तही संपत चालले आहे.

या जगाची बांधणी हेच चित्रपटाचे खरे बळ आहे. व्हॅम्पायर इथे किल्ल्यात राहत नाहीत. ते नोकरीला जातात, सिगारेट ओढतात आणि संध्याकाळ झाली की कॉफीच्या टपरीसमोर रांग लावतात. त्या कॉफीत दुधाऐवजी रक्त असते. दिवसा प्रवास करता यावा म्हणून मोटारींच्या काचा झाकलेल्या असतात आणि बाहेरचा रस्ता आतल्या पडद्यावर दिसतो; पायी जाणाऱ्यांसाठी जमिनीखालून वाटा काढलेल्या आहेत. हे सारे कोणी समजावून सांगत नाही, पात्रांच्या वावरातून ते आपल्याला कळत जाते. पुढे कॉफीतले रक्ताचे प्रमाण घटते आणि त्याच रांगेतली सभ्य, टाय लावलेली मंडळी टपरीवर तुटून पडतात, तेव्हा टंचाई म्हणजे काय हे आकडेवारीशिवाय समजते. दुष्काळात तेरावा महिना म्हणजे, रक्त न मिळालेल्या व्हॅम्पायरचे शरीर आणि बुद्धी दोन्ही बिघडत जाऊन त्याचे वटवाघळासारख्या हिंस्र प्राण्यात रूपांतर होते. असा एक जण नायकाच्या स्वयंपाकघरात शिरतो, तो प्रसंग अंगावर येतो.

नायक एडवर्ड डाल्टन (ईथन हॉक) हा रक्तविकारतज्ज्ञ असून रक्तपुरवठा करणाऱ्या बड्या कंपनीत कृत्रिम रक्ताचा शोध घेत आहे. स्वतः मात्र तो माणसाचे रक्त पीत नाही. कंपनीचा प्रमुख चार्ल्स ब्रॉम्ली (सॅम नील) त्याला थंडपणे सांगतो, की पर्याय सापडला तरी अस्सल मालासाठी जास्त पैसे मोजणारे गिऱ्हाईक राहणारच. माझ्या मते चित्रपटाचा कणा या संवादात आहे, कारण माणसांना टांगून ठेवणे ही जगण्याची निकड नसून धंद्याची सोय आहे, हे त्या क्षणी उघड होते. सॅम नील यांनी आवाज न चढवता ही भूमिका केली आहे आणि म्हणूनच ती अधिक भीतिदायक झाली आहे.

उत्तरार्धाबद्दल मात्र तक्रार आहे. विलेम डफो यांच्या आगमनानंतर कथा पुन्हा माणूस होण्याच्या उपायाकडे वळते. ती कल्पना चांगली आहे, पण तिचे शास्त्र घाईघाईने उरकले आहे. क्लॉडिया कार्वन यांच्या वाट्याला धावपळीखेरीज फारसे काही आलेले नाही. शेवटच्या रक्तपातात सुरुवातीचे सूक्ष्म निरीक्षण हरवते, याचे मला मनापासून वाईट वाटले. इतके विचारपूर्वक उभे केलेले जग अठ्ठ्याण्णव मिनिटांत आटोपते. आणखी अर्धा तास मिळाला असता तर या पात्रांना न्याय मिळाला असता.

तरीही एका दृश्यासाठी हा चित्रपट पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. बिघडलेल्या व्हॅम्पायरांना साखळदंडांनी बांधून, वाहनामागून ओढत उन्हात नेले जाते. ते किंचाळत जळतात आणि सावलीत उभे असलेले, त्यांच्याच जातीचे सैनिक ते पाहत राहतात. त्या रांगेत ब्रॉम्लीची मुलगीही असते. तिला पाहणाऱ्यांत एडवर्डचा सैनिक भाऊ आहे, आणि तिला व्हॅम्पायर करणाराही तोच होता; त्या वेळचा त्याचा चेहरा नीट पाहावा.